पेडल सरकतंय, आणि शिक्षा पॅडना

प्रश्न : माझी गाडी २२ वर्षांची आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम. ब्रेकवर पाय ठेवून सिग्नलला उभा राहिलो की पेडल हळूहळू खाली सरकतं. पाय उचलून दोनदा मारलं की पुन्हा वर येतं. जोरात मारलं तर मात्र गाडी बरी थांबते. ब्रेक ऑइलची पातळी कमी होत नाही. मेकॅनिकनं पुढचे पॅड बदलले, ऑइलच्या पाइपांत अडकलेली हवा म्हणजे एअर काढली. उलट त्यानंतर पेडल जास्तच सरकतंय. पुढचं डावं चाक चटका बसेल इतकं तापतं, ते वेगळंच. ब्रेकचं सगळंच नवीन टाकू का?

उत्तर : सगळं बदलू नका. पण गाडी आजपासून उभी करा, मग पुढचं वाचा.

तुमच्या पत्रात दोन आजार आहेत. आधी पेडल. पॅड कितीही झिजले तरी पायाखालचं पेडल असं सरकत नाही. सरकतंय म्हणजे दाब कुठून तरी निसटतोय. बाहेर गळती असती तर ऑइल कमी झालं असतं. म्हणजे मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइलवर दाब आणणारं नळकांडं) आतच, पिस्टनच्या रबरी वॉशरला वळसा घालून ऑइल मागे जातंय. जोरात मारल्यावर ब्रेक का लागतो? दाब वाढला की वॉशरची कड बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, घट्ट चिकटते. हलक्या पायाला ती सैल राहते. ‘लागतोय की ब्रेक!’ म्हणत लोक महिनोन् महिने काढतात ते यामुळेच.

खात्री घरीच करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम संपतो. मग हलक्या पायानं मिनिटभर दाबून धरा. सरकलं, तर निदान पक्कं. पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलं की पेडल थोडं खाली जातं, तो दोष नव्हे. बूस्टर काम करतोय. एवीतेवी बघताच आहात तर मागचे ड्रम उघडून आतल्या छोट्या व्हील सिलिंडरचं रबरी टोपण उचकटून पाहा. आत ओल दिसली तर तोही बदला.

आता एअर काढल्यावर जास्त का बिघडलं? रोजच्या वापरात पिस्टन बोअरच्या अर्ध्याच भागात फिरतो. पुढच्या भागात वर्षानुवर्षं गंज आणि गाळ बसलेला असतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की वॉशर त्या खरखरीत जागेवरून ओढला जातो आणि कड फाटते. शिकाऊ असताना मी हेच केलं होतं. संध्याकाळी धडधाकट सोडलेली गाडी सकाळी ढकलत परत आली, आणि उस्तादांनी एक शब्द न बोलता लाकडाचा ठोकळा माझ्या हातात ठेवला. पेडलखाली ठोकळा ठेवला की ते तळाला जात नाही. आजही जुनी गाडी आली की आधी ठोकळा शोधतो. तुम्ही नुसते वॉशर बदलायच्या किटच्या भानगडीत पडू नका. बोअर खराब असेल तर नवीन वॉशरही टिकत नाही. अख्खा मास्टर सिलिंडर बदला.

दुसरा आजार, डावं चाक. माझा संशय चाकाकडे ऑइल नेणाऱ्या रबरी होज पाइपवर आहे. बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतून सोलून एक पापुद्रा झडपेसारखा लटकतो. पायाच्या जोरानं ऑइल पुढे जातं, परत येत नाही, आणि पॅड डिस्कला घासत राहतात. गाडी जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, ब्रेक मारून सोडा. चाक जाम असेल तर आधी होजचा लोखंडी पाइपकडचा जोड किंचित सैल करा. तिथंच चाक सुटलं तर दोष वर, मास्टर सिलिंडरकडे. नाही सुटलं, पण कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) निपल, म्हणजे एअर काढायचा स्क्रू, उघडताच सुटलं, तर होज. दोन्हींनी सुटलं नाही तर कॅलिपरचा पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्यात. पिनांना साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. ब्रेकचंच ग्रीस हवं. होज मात्र दोन्ही बाजूंचे एकदम बदला. जुळे भाऊ ते, दुसराही त्याच वाटेवर असतो.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच, सीलबंद डब्यातलं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवीन डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दर्जा आहे; ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १४० वर येतो. म्हणून दर दोन वर्षांनी बदला, आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. मेकॅनिकनं काढलेले जुने पॅड मागून घ्या. जाडी शिल्लक असेल तर डिकीत राहू द्या.