कौलारू घराच्या मॉडेलमधील मेश एकत्र करताना

मालवणी घराच्या मॉडेलमधील चिऱ्याच्या भिंती, ओटा आणि कौले थ्री डॉट जेएसमध्ये (ब्राउझरमध्ये थ्रीडी दृश्ये दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) एकत्र केल्यावर सगळे भाग मूळबिंदूपाशी गोळा झाले, छपराचे एक पाखे दिसेनासे झाले आणि ओटा व भिंत यांच्यामधली फटही बुजली नाही, असे तुम्ही लिहिले आहे. हेच मॉडेल पुढे थ्रीडी प्रिंटरवर छापण्याचा तुमचा विचार असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

थ्री डॉट जेएसमधील 'मर्जजॉमेट्रीज' हे फंक्शन शिरोबिंदूंच्या (त्रिकोणांच्या कोपऱ्यांच्या) याद्या एकापुढे एक जोडते आणि इंडेक्स, म्हणजे कोणत्या शिरोबिंदूंचा त्रिकोण होतो ते सांगणारे क्रमांक, पुढे सरकवते, याहून अधिक काही करत नाही. उदाहरणार्थ, २४ शिरोबिंदूंच्या पहिल्या पेटीनंतर दुसरी पेटी जोडली की तिचा ०, २, १ हा त्रिकोण २४, २६, २५ असा होतो. प्रत्येक भागाची जागा त्याच्या मेशच्या (दृश्यात ठेवलेल्या वस्तूच्या) मॅट्रिक्समध्ये, म्हणजे जागा, वळण आणि स्केल सांगणाऱ्या आकड्यांच्या कोष्टकात असते, जॉमेट्रीत (नुसत्या आकारात) नसते; म्हणून आधी 'अपडेटमॅट्रिक्सवर्ल्ड' करून प्रत्येक जॉमेट्रीच्या प्रतीवर 'मॅट्रिक्सवर्ल्ड' (संपूर्ण दृश्यातील जागा सांगणारा मॅट्रिक्स) लावावा आणि मगच जोडणी करावी. नाहीशा झालेल्या पाख्याचे कारणही बहुधा इथेच आहे. ते पाखे तुम्ही उणे स्केल देऊन आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलटवले असेल, तर मेश स्वतंत्र असेपर्यंत रेंडरर (चित्र काढणारा भाग) त्रिकोणांची दिशा सांभाळून घेतो; मॅट्रिक्स जॉमेट्रीत मुरवल्यावर मात्र त्याला ते कळण्याचा मार्ग उरत नाही, आणि उलट दिशेचे त्रिकोण तो दाखवत नाही. मॅट्रिक्सचा डिटरमिनंट (त्याच्या आकड्यांवरून काढलेली एक संख्या; आरशासारख्या उलटवणीत ती उणे येते) उणे असेल तेथे प्रत्येक त्रिकोणातील दोन इंडेक्सची अदलाबदल करावी.

फटीचा प्रश्न निराळा आहे. 'मर्जव्हर्टिसेस' जवळचे शिरोबिंदू एक करते खरे, पण त्यासाठी नॉर्मल (पृष्ठ कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते) आणि यूव्हीसुद्धा (पृष्ठावर चित्र बसवण्याचे निर्देशांक) जुळावे लागतात. पेटीला कोपरे ८ असतात आणि शिरोबिंदू २४, कारण प्रत्येक कोपऱ्यावर तीन पृष्ठांचे वेगवेगळे नॉर्मल येतात. नॉर्मल आणि यूव्ही काढून टाकल्याशिवाय ही संख्या ८ वर येत नाही. शिवाय किती अंतरापर्यंतचे बिंदू एक मानायचे ती मूळ सहनमर्यादा ०.०००१ आहे, म्हणजे मॉडेल मीटरमध्ये असेल तर एक दशांश मिलिमीटर. ओटा दोन मिलिमीटर दूर राहिला असेल, तर तो हलवून बसवणेच योग्य. सहनमर्यादा वाढवत नेल्यास कौलांची बारीक पन्हळ आधी नष्ट होईल.

कौले मुळात जोडूच नयेत, असे माझे मत आहे. एकाच आकाराच्या शेकडो कौलांसाठी 'इन्स्टन्स्डमेश' (एकच आकार अनेक ठिकाणी दाखवणारा मेश) वापरल्यास ती एकाच ड्रॉ कॉलमध्ये (ग्राफिक्स कार्डाला दिलेल्या एका आज्ञेत) येतात आणि जॉमेट्री एकदाच साठवली जाते.

छपाईसाठी मात्र खरा बूलियन संयोग, म्हणजे घन एकमेकांत विलीन करून एकच बाह्य पृष्ठ तयार करणे, लागतो, कारण नुसत्या जोडणीत भिंतीत शिरलेल्या वाशांची टोके आतल्या बाजूस तशीच राहतात. त्यासाठी मॅनिफोल्ड किंवा सीजीएएल ही भूमितीची लायब्ररी वापरावी. दोन्हींना बंदिस्त, म्हणजे कुठेही उघडे नसलेले, घन लागतात. तुमचे कौल एकेरी पत्र्यासारखे असेल, तर त्याला आधी जाडी द्यावी, आणि ओटा भिंतीला नुसता टेकवून न ठेवता किंचित आत शिरवावा, म्हणजे एकाच प्रतलात येणाऱ्या पृष्ठांचा घोळ टळेल.