‘शेड्युलिंग’ म्हणजे वेळापत्रक नव्हे, पाळीवाटप

‘रिले नोड असलेल्या मोबाइल जाळ्यातील पॅकेट शेड्युलिंग’ यासाठी ‘सहक्षेपण केंद्र असलेल्या जाळ्यातील पाकिटांचे वेळापत्रक’ असे लिहिले तर चालेल का, असा प्रश्न आहे. पॅकेट म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, रिले नोड म्हणजे मनोरा आणि फोन यांच्यामध्ये राहून संदेश पुढे पाठवणारे केंद्र, आणि शेड्युलिंग म्हणजे कोणाला केव्हा पाठवायचे हे ठरवणे. माझ्या मते ‘जाळे’ सोडून यातील एकही शब्द तसाच ठेवता येणार नाही.

वेळापत्रक आधी तयार असते; एसटीचे असो वा शाळेचे, ते पाहून लोक आपली वेळ ठरवतात. एलटीई (४जी) मोबाइल जाळ्यात मात्र १८० किलोहर्ट्झ रुंदीचा प्रत्येक पट्टा कोणत्या फोनला द्यायचा, हे मनोरा दर १ मिलिसेकंदाला नव्याने ठरवतो. त्यामुळे येथे तक्त्याचा नव्हे, कृतीचा शब्द हवा, आणि तो कालव्याच्या पाण्याबरोबर मराठीत केव्हाचाच रुजलेला आहे: पाळी. मी ‘पाळीवाटप’ सुचवतो. शेजारशेजारच्या शेतांना क्रमाने पाणी देणारी ‘शेजपाळी’ तर सर्वांना एकामागून एक संधी देणाऱ्या ‘राउंड रॉबिन’ या पद्धतीला नेमकी लागू पडते. ‘प्रपोर्शनल फेअर’ पद्धतीला मात्र ती लागू पडत नाही, कारण तेथे फोनला या क्षणी मिळू शकणाऱ्या वेगाला त्याला अलीकडे मिळालेल्या सरासरी वेगाने भागतात आणि ज्याचा भागाकार मोठा, त्याला पाळी देतात. समजा, एका फोनला आता सेकंदाला १० मेगाबिट मिळू शकतात आणि त्याची सरासरी ५ आहे. दुसऱ्याला ४ मिळू शकतात, पण सरासरी १ आहे. भागाकार अनुक्रमे २ आणि ४ येतात, म्हणून पाळी दुसऱ्याची. याला ‘प्रमाणशीर पाळीवाटप’ म्हणता येईल.

‘सहक्षेपण’ हा आकाशवाणीचा सुंदर शब्द आहे, पण त्यातला ‘सह’ येथे खोटा ठरतो. सहक्षेपणात मूळ कार्यक्रम त्याच वेळी पुढे जातो. मनोऱ्याशी आणि फोनशी एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलणारा रिले मात्र एका वेळी ऐकणे आणि बोलणे ही दोन्ही कामे करू शकत नाही, कारण त्याचा स्वतःचाच आवाज मनोऱ्याकडून येणारा क्षीण संदेश बुडवून टाकतो. म्हणून एलटीई मानकाच्या ‘रिलीज १०’ या आवृत्तीत १० मिलिसेकंदांच्या चौकटीतले एकेक मिलिसेकंदाचे जास्तीत जास्त ६ तुकडे मनोऱ्याचे ऐकण्यासाठी राखता येतात, आणि तेवढा वेळ रिले आपल्या फोनना पॅकेट पाठवत नाही. आलेले पॅकेट तो साठवतो आणि आपल्या पाळीवाटपानुसार पुढे देतो. मनोऱ्याने जास्त दिले तर रिलेपाशी रांग तुंबते, कमी दिले तर पुढची पाळी रिकामी जाते. मनोऱ्याचे आणि रिलेचे हे दुहेरी पाळीवाटप जुळवणे हाच या विषयाचा गाभा असल्यामुळे शब्दातही रिले हा मधला टप्पा दिसायला हवा. यासाठी मी ‘टप्पाकेंद्र’ घेईन.

‘पाकीट’ म्हटले की लिफाफा किंवा पैशांचे पाकीट डोळ्यांपुढे येते, तेव्हा ‘पॅकेट’च राहू द्यावे. मग शब्दप्रयोग असा होईल: ‘टप्पाकेंद्रे असलेल्या मोबाइल जाळ्यातील पॅकेटांचे पाळीवाटप’.