‘आय विश आय न्यू’: इच्छा आत्ताची, मग क्रियापद भूतकाळी का?

प्रश्न नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंचा आहे. मुलं ‘आय विश आय नो हर नंबर’ असं लिहितात. ‘नो’चं ‘न्यू’ करा म्हटलं की विचारतात, नंबर आत्ता हवाय ना, मग भूतकाळ कशाला? बाईंनी ‘विशनंतर भूतकाळ येतो, नियमच आहे’ असं सांगून पाहिलं. मुलांनी नियम पाठ केला आणि पुढच्या चाचणीत मित्राला पत्र लिहिताना ‘आय विश यू पास्ड द एक्झाम’ अशा शुभेच्छा दिल्या, म्हणजे शुभेच्छा देता देता त्याला नापासच करून टाकलं. तर हे मराठीतून पटवायचं कसं, आणि ‘करायला हवं होतं’, ‘केलं असतं तर बरं झालं असतं’ ही आपली हळहळ इंग्रजीत नेमकी कुठं बसवायची?

मुलांची शंका रास्त आहे आणि ‘नियमच आहे’ हे काही तिचं उत्तर नव्हे. खरं उत्तर मुलं रोज बोलतात त्या मराठीतच पडलेलं आहे. वर्गातल्या एखाद्याला उठवून वाण्याच्या दुकानात पाठवा, म्हणजे नाटकातल्या नाटकात. तो म्हणेल, ‘काका, अर्धा किलो साखर हवी होती.’ दुकानदार कधी ‘होती? म्हणजे कधी?’ असं विचारतो का? साखर आत्ताच हवी आहे, हे दोघांनाही माहीत आहे. मुख्याध्यापकांच्या दारात उभं राहून आपण ‘सर, जरा बोलायचं होतं’ म्हणतो. बोलणं तर अजून व्हायचंय. फोनवर ‘निघालो, निघालो, पोचलोच’ म्हणणारा बहुतेक वेळा अजून आंघोळीलाही गेलेला नसतो. पश्चिम महाराष्ट्रात रागाच्या भरात ‘मुडदा बशिवला तुझा’ असा उद्धार होतो, तेव्हाही ज्याचा उद्धार होतो तो समोर ठणठणीत उभा असतो. (हे शेवटचं उदाहरण वर्गात द्यायचं की नाही ते बाईंनी ठरवावं. मुलांच्या लक्षात मात्र तेवढंच राहील.)

म्हणजे भूतकाळी रूप दिसलं की काळ मागचाच, असं मराठीतही नाही. दुकानात ते रूप बोलण्यातला रोखठोकपणा कमी करतं, फोनवर घाईची ग्वाही देतं. इंग्रजीनं या रूपाला आणखी एक काम लावलं: जे खरं नाही ते सांगण्याचं. भूतकाळ म्हणजे ‘इथून लांब’ एवढंच मनात धरलं तर सगळं सुटसुटीत होतं. काळानं लांब असेल तर ती कालची गोष्ट. माणसापासून जरा अंतर राखायचं असेल तर ‘आय वाँटेड टु आस्क यू समथिंग’, म्हणजे आपलं ‘विचारायचं होतं’. आणि वास्तवापासून लांब असेल तर ‘आय विश आय न्यू’. व्याकरणाच्या पुस्तकांत या तिसऱ्याला ‘अनरिअल पास्ट’ असं नाव आहे. मुलांना नाव नाही सांगितलं तरी चालेल, पण ‘हा भूतकाळ नाही, हा खोटाकाळ आहे’ असं एकदा म्हणून बघा. वर्ग हसतो आणि मुद्दा डोक्यात बसतो.

शिकवायला सुरुवात ‘विश’पासून करू नये, सत्यापासून करावी. मुलांकडून आधी रडगाणी काढून घ्या, साधीसुधी आणि खरी. ‘आय डोन्ट हॅव अ सायकल.’ ‘आय लिव्ह फार फ्रॉम स्कूल.’ ‘आय कान्ट स्विम.’ ‘आय डिडंट स्टडी येस्टर्डे.’ ही फळ्याच्या डाव्या बाजूला. उजवीकडे दोनच गोष्टी करायच्या: नाहीचं आहे आणि आहेचं नाही, आणि क्रियापद एक पायरी मागे. ‘आय विश आय हॅड अ सायकल.’ ‘आय विश आय डिडंट लिव्ह सो फार.’ ‘आय विश आय कुड स्विम.’ चौथं वाक्य आधीच भूतकाळात आहे. त्याला आणखी एक पायरी मागे न्यायचं तर ‘हॅड’ लागतं: ‘आय विश आय हॅड स्टडीड.’ आता हात डाव्या बाजूवर ठेवून विचारा, खरं काय आहे? उजवीकडच्या प्रत्येक वाक्याच्या पोटात डावीकडचं वाक्य दडलेलं आहे, हे मुलांना दिसलं की ‘विश यू पास्ड’मधली गंमतही त्यांना आपोआप कळते.

मराठी शाळेच्या व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. त्यातला चौथा आपल्या कामाचा. ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’ हे त्याचं ठरलेलं उदाहरण. मुलांनी ते दोन मार्कांसाठी पाठ केलेलं असतं, पण इंग्रजीच्या तासाला कुणी त्याची आठवण करून देत नाही. वाक्याचा पुढचा भाग गिळून टाकायची आपली सवयसुद्धा उपयोगाची. ‘आज आजी असती तर!’ एवढंच म्हणून आपण थांबतो, बाकीचं ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीतलं ‘इफ ओन्ली’ अगदी तेच करतं. ‘विश’ला एकशब्दी मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका; ‘इच्छा’ म्हटलं की मुलं ‘माझी इच्छा आहे की’ या साच्यात जातात आणि तिथून ‘आय विश दॅट आय विल’ निघतं. ‘असतं तर!’ हेच ‘विश’चं मराठी.

इथवर मराठी मदतीला येते. यापुढे ती पाय घालते, आणि मला वाटतं बाईंच्या मुलांच्या निम्म्या चुका याच जागी होत असणार.

हे वाक्य घ्या: ‘पैसे असते तर दिले असते.’ आत्ता कुणी उसने मागितले आणि खिसा रिकामा आहे, तरी आपण हेच म्हणतो. मागच्या वर्षी कुणी मागितले होते आणि तेव्हा नव्हते, तरी हेच. मराठीला दोन्हीकडे एकच वाक्य पुरतं. आत्ताचं की तेव्हाचं, हे गप्पांच्या ओघात कळतं. इंग्रजीला असं भागत नाही. आत्ताचं असेल तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड गिव्ह इट टु यू’, तेव्हाचं असेल तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव गिव्हन इट’. मुलगा आत्ताचं बोलत असतो, पण ‘दिले असते’ला शब्दशः धरून ‘वुड हॅव गिव्हन’ लिहितो. ‘मी तुझ्या जागी असतो तर असं केलं नसतं’ याचंही तेच होतं. मित्र अजून काही करून बसलेला नाही, सल्ला वेळेवर दिलेला आहे, तरी इंग्रजीत ‘आय वुडंट हॅव डन’ उतरतं आणि बिचाऱ्या मित्रानं चूक करून टाकल्यासारखं होतं. हवं असतं ‘इफ आय वेअर यू, आय वुडंट डू दॅट’.

गंमत म्हणजे मराठीला हा फरक करताच येत नाही असं नाही. ‘मला पोहता येत असतं तर’ हे आत्ताचं आणि ‘मला तेव्हा पोहता आलं असतं तर’ हे त्या वेळचं, इतकं स्वच्छ आपण बोलतो. अडचण होते ती ‘असणे’ हेच मुख्य क्रियापद असतं तेव्हा आणि ‘माहीत असणे’सारख्या त्याच्या भावंडांपाशी. ‘मला माहीत असतं तर’ यात ‘न्यू’ही आहे आणि ‘हॅड नोन’ही. म्हणून भाषांतराला देताना अशा वाक्याला ‘आत्ता’ किंवा ‘तेव्हा’ हे शेपूट जोडल्याशिवाय देऊ नये. नुसतं ‘तिचा पत्ता माहीत असता तर!’ असं वाक्य देऊन एकच उत्तर बरोबर धरणं हा मुलांवर अन्याय आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या भल्याभल्यांनी हा अन्याय केलेला आहे.

दुसरा खड्डा याच रस्त्यावर. ‘तो आला तर सांगेन’ यात ‘आला’ दिसतं म्हणून मुलं ‘इफ ही केम, आय विल टेल हिम’ लिहितात. मराठीत तो खरोखर येण्याची शक्यता आहे, तरी रूप भूतकाळी. इंग्रजीत तिथं साधा वर्तमान, ‘इफ ही कम्स’. ‘केम’ म्हटलं की तो येईल असं बोलणाऱ्याला फारसं वाटत नाही. म्हणजे शक्यतेसाठी आपण भूतकाळ वापरतो आणि अशक्यतेसाठी ‘असता’ लावतो. इंग्रजी शक्यतेला वर्तमान देते आणि भूतकाळ अशक्यतेसाठी राखून ठेवते. हे शेजारी शेजारी ठेवून शिकवलं नाही तर वरची सगळी मेहनत ‘आला तर’ या दोन शब्दांत वाहून जाते.

शुभेच्छांचं प्रकरण वेगळं काढावं. जे घडू शकतं आणि घडावं असं वाटतं, त्याला ‘होप’: ‘आय होप यू पास’, ‘आय होप यू गेट वेल सून’. ‘विश’ इथं वापरायचंच असेल तर त्याच्यामागे माणूस आणि नाम येतं, वाक्य येत नाही: ‘आय विश यू सक्सेस’, ‘वी विश यू अ हॅपी दिवाळी’. आपल्याकडे आशीर्वादासाठी ‘ओ’कारान्त रूप आहे: यश मिळो, उदंड आयुष्य लाभो, देव भलं करो. इंग्रजीत असं रूप जवळजवळ संपलं. ‘गॉड सेव्ह द किंग’मध्ये ‘सेव्ह’ला शेवटी ‘एस’ लागत नाही ते त्याचंच उरलंसुरलं. आज हे काम ‘मे’ करतं: ‘मे यू लिव्ह लाँग’. तेव्हा मुलांना एक सोपी चाचणी द्या. मनातलं मराठी वाक्य ‘होवो’नं संपतंय की ‘असतं तर’नं? ‘होवो’ असेल तर ‘होप’ किंवा ‘मे’, ‘असतं तर’ असेल तर ‘विश’ आणि एक पायरी मागे.

‘विश’नंतर ‘वुड’ कधी येतं, हेही बाईंनी जाता जाता विचारलं आहे. दुसऱ्याच्या वागण्याला कंटाळून आपण ‘गप्प बसेल तर शपथ!’ म्हणतो ना, ते म्हणजे ‘आय विश ही वुड कीप क्वाएट’. ‘हा पाऊस थांबेल तर शपथ’ म्हणजे ‘आय विश इट वुड स्टॉप रेनिंग’. समोरचा ऐकत नाही, ही तक्रार त्यात असते. म्हणूनच ‘आय विश आय वुड’ सहसा कुणी म्हणत नाही. स्वतःबद्दल असेल तर ‘कुड’.

आता पश्चात्ताप. मराठीतली तीन वाक्यं एकाखाली एक लिहा: ‘मला जावं लागलं’, ‘मला जायचं होतं’, ‘मी जायला हवं होतं’. पहिल्यात मी गेलो. दुसऱ्यात जायचा बेत होता, पुढचं माहीत नाही. तिसऱ्यात गेलो नाही आणि त्याची टोचणी आहे. मुलं तिन्हीला ‘आय हॅड टु गो’ लावतात, आणि मग न गेलेला माणूस जाऊन येतो. ‘हॅड टु’ फक्त पहिल्याला. दुसऱ्याला बेतानुसार ‘आय वाँटेड टु गो’ किंवा ‘आय वॉज सपोज्ड टु गो’. तिसऱ्याला ‘आय शुड हॅव गॉन’.

मग ‘आय विश आय हॅड गॉन’ आणि ‘आय शुड हॅव गॉन’ यांत फरक काय? पहिल्यात हळहळ आहे, दुसऱ्यात दोषही आहे. मॅचच्या दिवशी पाऊस पडला तर ‘आय विश इट हॅडंट रेन्ड’ म्हणता येतं. ‘इट शुडंट हॅव रेन्ड’ म्हटलं तर पावसाला शिस्तभंगाची नोटीस दिल्यासारखं वाटतं. जिथं मराठीत ‘चुकलंच माझं’ म्हणता येईल तिथं ‘शुड हॅव’, जिथं नुसतं ‘अरेरे’ निघतं तिथं ‘विश’. ‘रिग्रेट’ हा शब्द बोलण्यात तुलनेनं कमी येतो. त्याचं एवढंच सांगावं की ‘आय रिग्रेट टेलिंग हिम’ म्हणजे सांगितलं आणि पस्तावलो, आणि ‘आय रिग्रेट टु टेल यू’ म्हणजे वाईट बातमी यायची आहे, बसून घ्या.

ऐकण्याचा सराव करून घेताना एक अडचण हमखास येते. ‘आय हॅड’ आणि ‘आय वुड’ या दोन्हींचा बोलण्यात ‘आयड’ होतो, आणि वेगात तो ‘ड’ही ऐकू येईनासा होतो. अशा वेळी कान पुढच्या शब्दाला लावायचा: ‘आयड गॉन’ असेल तर ‘हॅड’, ‘आयड गो’ असेल तर ‘वुड’.

राहिला ‘वॉज’ की ‘वेअर’ हा वाद. ‘आय विश आय वेअर टॉलर’ हे जुन्या वेगळ्या रूपाचं अवशेष आहे. आज इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही बोलताना सर्रास ‘आय विश आय वॉज’ म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ‘इफ आय वेअर यू’ मात्र तसंच टिकून आहे. परीक्षेच्या पेपरात ‘वेअर’ लिहायला सांगा, कारण तपासणाऱ्याच्या हातात उत्तरपत्रिकेचा नमुना असतो. वर्गात कुणी बोलताना ‘वॉज’ म्हणालं तर त्याला मध्येच थांबवू नका.