श्रद्धांजलीच्या लेखात 'नास्तिक' लिहावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका निवृत्त शिक्षकांवरच्या मृत्युलेखात 'सर आयुष्यभर नास्तिक होते' असे वाक्य होते. घरच्यांना ते खटकले. त्या जागी 'निरीश्वरवादी', 'निधर्मी' किंवा 'विवेकवादी' यांपैकी काही चालेल का, आणि मुळात 'नास्तिक' ही शिवी आहे का, असे लेख लिहिणाऱ्याने विचारले आहे.

'नास्तिक'च ठेवावा. तो शिवी नाही. मात्र तो शिवीसारखा वापरला गेला आहे, आणि घरच्यांच्या कानाला तेच टोचते आहे. सुचवलेले तीनही शब्द त्याचे समानार्थी नाहीत. प्रत्येकाने वाक्याचा अर्थ बदलेल.

आधी व्युत्पत्ती. पाणिनीचे सूत्र आहे 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' (४.४.६०). 'अस्ति' अशी ज्याची मती तो आस्तिक, 'नास्ति' अशी ज्याची मती तो नास्तिक, आणि 'दिष्ट' म्हणजे नशीब मानणारा तो दैष्टिक. काय आहे किंवा नाही, हे सूत्रात सांगितलेले नाही. पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका काशिकावृत्ती ते भरून काढते: परलोक आहे असे मानणारा आस्तिक, त्याच्या उलट नास्तिक. इथे देवाचा संबंधच येत नाही. मनुस्मृतीत (२.११) शब्दाने कूस बदलली. तिथे 'नास्तिको वेदनिन्दकः' असे येते आणि त्याच श्लोकात, तर्कशास्त्राच्या आधाराने श्रुतिस्मृतींचा अवमान करणाऱ्याला साधूंनी बहिष्कृत करावे, 'साधुभिर्बहिष्कार्यः', अशी आज्ञा आहे. शब्दाचा अर्थ आणि त्या माणसाशी कसे वागायचे याचा हुकूम असे दोन्ही एकाच श्लोकात आले. 'नास्तिक' हा शब्द आजही नुसते मत सांगून थांबत नाही, ऐकणाऱ्याला लगेच काहीतरी निवाडा करावासा वाटतो. त्याची जुनी नोंद हवी असेल तर ती ही.

म्हणजे तीन वेगवेगळे नकार एका शब्दात आले: परलोकाचा, वेदाचा आणि ईश्वराचा. तत्त्वज्ञानावर लिहिताना हे विसरले की घोटाळा होतो. ईश्वरकृष्णाच्या कारिकांमधले सांख्य तत्त्वज्ञान ईश्वर मानत नाही, तरी ते आस्तिक दर्शन (दर्शन म्हणजे तत्त्वज्ञानाची शाखा), कारण ते वेदप्रामाण्य, म्हणजे वेदांचा अधिकार, नाकारत नाही. जैन परलोक मानतात, कर्म मानतात, पण वेद मानत नाहीत म्हणून त्यांची गणना नास्तिकांत झाली. उलट हरिभद्रसूरी या जैन आचार्यांनी 'षड्दर्शनसमुच्चय' ग्रंथात बौद्ध आणि जैन दोघांनाही आस्तिकांत धरले. त्यांच्या दृष्टीने कसोटी वेगळी होती. तेव्हा 'सांख्य हे आस्तिक पण निरीश्वरवादी दर्शन आहे' या वाक्यात काहीही विसंगती नाही. ते वाक्य तपासणाऱ्याने 'आस्तिक' खोडून 'नास्तिक' केले तर चूक तपासणाऱ्याची. (लिहिताना 'निरीश्वर', 'री' दीर्घ. 'निरिश्वर' असे सर्रास छापले जाते.)

रोजच्या मराठीत मात्र आता एकच अर्थ उरला आहे: देव न मानणारा. सर तसे होते, तर शब्द अचूक आहे.

मग तो का खटकतो? एक कारण चार्वाक या परलोक आणि वेद नाकारणाऱ्या प्राचीन विचारवंताच्या नावावर खपवलेल्या श्लोकात दिसते. माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रह' या १४व्या शतकातल्या ग्रंथात तो दोनदा येतो. प्रकरणाच्या सुरुवातीला पाठ आहे 'यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः', म्हणजे जगताय तोवर सुखाने जगा, मृत्यूच्या आवाक्याबाहेर कोणी नाही. शेवटी तोच श्लोक येतो तो 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' घेऊन, कर्ज काढून तूप प्या. एका ओळीचा एक तुकडा बदलला आणि मृत्यूचे भान ठेवणारा माणूस कर्जबुडवा ठरला. आज शंभरातल्या नव्वद जणांना चार्वाक म्हणून हा तुपाचाच पाठ माहीत असतो. डॉ. आ. ह. साळुंखे यांनी आपल्या पुस्तकाला 'आस्तिकशिरोमणी चार्वाक' हे नाव दिले ते या बदनामीला सरळ उत्तर म्हणूनच वाचायला हवे.

'पाखंडी' हा शब्द कोणी सुचवलेला नाही, पण नास्तिकांसाठी तो इतक्या वेळा फेकला जातो की त्याचे पाहिलेच पाहिजे. अशोकाच्या गिरनारच्या बाराव्या शिलालेखात 'सवपासंडानि' येते आणि वाक्य 'पूजयति' या क्रियापदाने संपते. राजा सर्व पासंडांचा, म्हणजे सर्व पंथांचा, आदर करतो. पासंड म्हणजे फक्त पंथ; त्यात निंदा नाही. त्याच लेखात पुढे आहे की जो आपल्या पासंडाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करतो तो आपल्याच पासंडाची हानी करतो. आता मनुस्मृती ४.३० शेजारी ठेवा: पाषंडी, बैडालव्रतिक (मांजरासारखे ढोंगी), शठ, हैतुक (म्हणजे तर्क करणारे), बकवृत्ती, या सगळ्यांचा 'वाङ्मात्रेणापि नार्चयेत्', शब्दानेसुद्धा सत्कार करू नये. एकीकडे 'पूजयति', दुसरीकडे 'नार्चयेत्'. शिवाय यादीत तर्क करणारा माणूस ढोंगी बगळ्याच्या पंक्तीला बसवला आहे. हिंदीच्या प्रभावाने आज मराठीतही 'पाखंडी' म्हणजे 'ढोंगी' असा अर्थ रुळतो आहे. आपण देव मानत नाही असे उघड सांगणाऱ्याला ढोंगी म्हणणे अर्थाच्या दृष्टीनेच चुकते. ढोंगाला आत एक आणि बाहेर एक असावे लागते. हा शब्द त्याच्यासाठी वापरूच नये.

पूर्वग्रहाचा मोठा साठा मात्र वाईट शब्दांत नाही, चांगल्या शब्दांत आहे. चांगल्या माणसाला आपण 'देवमाणूस' म्हणतो. प्रामाणिक माणूस 'पापभीरू' असतो. खोटे बोलणाऱ्याला 'देवाला तरी घाबर' म्हणतो, निर्दयाबद्दल 'देवाधर्माची चाड नाही' म्हणतो. 'त्यांच्याकडे देवाचं काही नसतं' हे वाक्य वरवर माहिती देते, पण सोयरीक जुळवताना खालच्या आवाजात बोलले जाते. या सर्वांतून एकच गृहीतक वाहते: सचोटी ही देवाच्या धाकातून येते, धाक गेला की सचोटी गेली. गीतेच्या सोळाव्या अध्यायातही (१६.८) जग 'अनीश्वर' आहे असे म्हणणारे आसुरी संपत्तीच्या वर्णनात येतात.

हे गृहीतक किती खोल आहे हे मानसशास्त्रज्ञांनी मोजले आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह १३ देशांतल्या ३,२५६ लोकांना एका माणसाचे वर्णन दिले: लहानपणी प्राण्यांचे हाल करायचा, मोठेपणी बेघर माणसांचे खून केले. निम्म्यांना विचारले, तो शिक्षक असण्याची शक्यता जास्त, की शिक्षक आणि धार्मिक असण्याची? उरलेल्यांना विचारले, शिक्षक, की शिक्षक आणि नास्तिक? तर्काने दोन्ही वेळा 'शिक्षक' हेच बरोबर, कारण दोन अटी एकत्र पुऱ्या होण्याची शक्यता एका अटीपेक्षा जास्त असूच शकत नाही. तरी लोक 'आणि नास्तिक' या जाळ्यात 'आणि धार्मिक'पेक्षा सुमारे दुपटीने अडकले. स्वतः नास्तिक असलेलेही अडकले. म्हणजे पूर्वग्रह फक्त भाविकांकडे नाही, तो ज्या भाषेत आणि समाजात आपण वाढतो तिथून सर्वांना मिळतो. सरांच्या घरच्यांना दोष देऊ नये, तो यासाठी.

आता सुचवलेले शब्द. 'निरीश्वरवादी' हा दर्शनाचे किंवा मांडणीचे विशेषण म्हणून चांगला, माणसासाठी जड. 'निधर्मी' हा धर्म न पाळणारा किंवा कोणत्याच धर्माचा नसलेला. संस्कृत संधीप्रमाणे खरे तर 'निर्धर्मी', पण मराठीत 'निधर्मी' रुजला आहे आणि 'निधर्मी राज्य' या प्रयोगाने त्याला राजकीय रंगही आला. देव मानणारा पण कोणताच धर्म न पाळणारा माणूस निधर्मी असू शकतो, आणि सावरकरांसारखा हिंदुत्वाचा अभिमानी माणूस देवाधर्माच्या कर्मकांडाबाहेर राहू शकतो. तेव्हा अदलाबदल नको. 'अधर्मी' तर सरळ दुराचारी, तो जवळही आणू नये. 'अज्ञेयवादी' म्हणजे ईश्वर आहे की नाही हे कळणे शक्य नाही असे मानणारा. आगरकरांना हा शब्द लावतात. 'सुधारक' (१८८८) काढणाऱ्या या माणसाची पुण्यात सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तेव्हा सौम्य शब्दाने कोणाचे संरक्षण होत नाही हेही लक्षात घ्यावे. 'विवेकवाद' दि. य. देशपांडे यांनी १९९०मध्ये नागपुरात सुरू केलेल्या 'आजचा सुधारक' या मासिकातून रुजला. तो विचार करण्याच्या पद्धतीचे नाव आहे. नास्तिक्य हा तिचा एक निष्कर्ष असू शकतो. सर विवेकवादी असतील तर तेही लिहावे, पण 'नास्तिक' झाकायला नव्हे. भगतसिंगांनी लाहोरच्या तुरुंगात १९३०मध्ये 'मी नास्तिक का आहे' लिहिले ते नास्तिक्य हा अहंकार आहे या आरोपाला उत्तर देत, आणि शब्द न बदलता.

सरकारी कागदावर जरा वेगळे आहे. धर्माच्या रकान्यात 'नास्तिक' लिहू नये, कारण ते धर्माचे नाव नाही. 'धर्म नाही' असे लिहावे. धर्म सांगण्याची सक्ती राज्याला करता येत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१४चा निकाल आहे. अनुसूचित जातीचा दाखला लागणाऱ्यांनी मात्र आधी माहितगार वकिलाला विचारावे, कारण १९५०च्या आदेशात ती पात्रता धर्माशी जोडलेली आहे. नास्तिक झाल्याने हिंदू विवाह कायदा आपोआप सुटत नाही. धार्मिक विधी नको असेल तर १९५४च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करता येते: ३० दिवसांची नोटीस आणि ३ साक्षीदार. न्यायालयातल्या साक्षीदाराला किंवा आमदाराला 'ईश्वरसाक्ष' शपथेऐवजी 'गांभीर्यपूर्वक' या शब्दाने सुरू होणारा पर्याय घेता येतो. एवढ्याच पर्यायासाठी चार्ल्स ब्रॅडलॉ या निवडून आलेल्या नास्तिक खासदाराला इंग्लंडच्या संसदेबाहेर १८८० ते १८८६ झगडावे लागले. पुढे १८८९च्या काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला ते आले होते.

परत मृत्युलेखाकडे. 'नास्तिक' या एका शब्दाची काळजी करताना बाकीचा मजकूर तपासायचा राहतो. नावाआधी 'कै.' नको; ते 'कैलासवासी'चे लघुरूप. 'वैकुंठवासी', 'स्वर्गवासी' उघडच नकोत. 'देवाज्ञा झाली' हा जुना सभ्य प्रयोग, पण इथे बसत नाही. 'दिवंगत' निरुपद्रवी वाटतो, तरी 'दिवं गतः' म्हणजे स्वर्गाला गेलेला; मूळ अर्थ बहुतेकांना जाणवत नाही म्हणून चालवून घेता येईल, पण पर्याय असताना का घ्यावा? 'निधन झाले' किंवा 'कालवश झाले' नीट बसते. नावाआधी 'स्मृतिशेष' लावण्याची पद्धत आता बरीच पसरली आहे. 'कालकथित' बौद्ध समाजात रूढ आहे, तो त्या संदर्भातच शोभतो. 'आत्म्यास शांती लाभो' आणि 'ईश्वरचरणी प्रार्थना' काढून टाकावे. 'श्रद्धांजली'तल्या श्रद्धेला देव लागतोच असे नाही, तरी शंका असेल तर 'आदरांजली' घ्यावी.

वाक्यरचना जपायची. 'नास्तिक असूनही सर अत्यंत प्रामाणिक होते' यातला 'असूनही' काढलाच पाहिजे. 'नास्तिक होते, पण देवमाणूस होते' हेही तसेच. 'सर नास्तिक होते. त्यांनी शाळेच्या हिशेबाची वही कधी चुकू दिली नाही' अशी दोन सुटी वाक्ये पुरतात. मध्ये उभयान्वयी अव्यय घालू नये.