पदुमचा डबा

लडाखमधल्या लामायुरूपासून हिमाचलमधल्या दार्चापर्यंत सलग चालणार म्हणतोस, तर सगळा शिधा पाठीवर घ्यायचा विचार सोड. माणशी रोज ६०० ते ७०० ग्रॅम कोरडा शिधा धरला, तरी वीस दिवसांचा १२ ते १४ किलो होतो. निम्मा वाटेतल्या पदुमला भर. झंस्करचं ते मुख्य गाव, तांदूळ-डाळ-साखर तिथे मिळते. निम्मू-पदुम-दार्चा रस्ता २०२४ मध्ये जोडला गेला, त्यामुळे उन्हाळ्यात गाडीने डबाही पाठवता येतो. पण पोचल्याचा निरोप आल्याशिवाय लामायुरू सोडू नकोस.

डब्यात तिकडे न मिळणारंच भर: मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी. मंडईतून आणून घरीच भाज, तिखट जरा जास्त घाल. उंचीवर जीभ बोथट होते.

राजमा मात्र नेऊच नकोस. ४००० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय तो शिजत नाही. मूगडाळ, पोहे, सातू बरे.

गॅसची डबी विमानात चालत नाही, लेहला घे.

आणि साबण वेगळा बांध. आमचे पाच दिवसांचे पोहे साबणाच्या वासाने वाया गेले होते, आणि पुढचं दुकान चार मुक्काम लांब होतं.