पितळी नावपट्टी घरी एचिंग करताना बारीक अक्षरं का उडतात?

एचिंगमध्ये, म्हणजे रसायनाने धातू कोरताना, द्रावण पितळ जेवढं खोल खातं, जवळपास तेवढंच बाजूनेही खातं, म्हणून उठावाची बारीक अक्षरं त्यांना झाकणाऱ्या टोनरखालून (लेझर प्रिंटरची पावडर-शाई) पोखरली जातात. हिशोब सोपा आहे: ०.१ मिमी खोलीला ०.२ मिमीची रेघ दोन्हीकडून खाऊन संपू शकते. त्यामुळे आराखड्यात उठावाच्या रेघा मुद्दाम जाड काढा, खोदीव अक्षरं असतील तर उलट बारीक, आणि ०.१ मिमीच्या आसपास थांबा. रंग भरायला एवढी खोली पुरते.

- पट्टी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून अॅसिटोनने पुसा, मग बोट लावू नका. तेलकट जागी टोनर सुटतो, पण बऱ्याचदा दोष उगाच द्रावणाला दिला जातो.
- छपाई लेझर प्रिंटरवर, आरशातल्यासारखी उलटी. कागदावरचा टोनर इस्त्रीने पट्टीवर उतरवल्यानंतर त्यात राहिलेली छिद्रं पर्मनंट मार्करने बुजवा, मागची बाजू पॅकिंग टेपने झाका.
- फेरिक क्लोराइडचं साधारण ४० टक्के द्रावण, तापमान ४०–४५ अंश सेल्सियस. पट्टी तोंड खाली करून टांगा. वर तोंड ठेवली तर गाळ साचून तळ खडबडीत होतो. भांडं प्लॅस्टिकचंच, हातमोजे आणि चष्मा हवेतच.

हे पितळ-तांब्यासाठी. अॅल्युमिनियमवर हेच द्रावण उकळल्यासारखं तापतं आणि टोनर उचकटतं. तिथे मोरचूद आणि मिठाचं पातळ द्रावण वापरा. वापरलेल्या द्रावणात तांबं असतं, ते मोरीत ओतू नका.