मोटार आमच्या दारात, बुक त्यांच्या नावावर

प्रश्न : 1968 साली माझ्या वडिलांनी एका माजी संस्थानिकांची रोल्स-रॉइस 20/25 मोटार 9,000 रुपयांना घेतली. पावतीवर त्यांच्या कारभाऱ्यांची सही आहे, आर.सी. बुक मात्र अजून संस्थानिकांच्याच नावावर आहे. मूळची बंद लिमोझीन बॉडी कुजली म्हणून वडिलांनी 1978 मध्ये तिच्यावर उघडी टूरर बॉडी बांधून घेतली. आता वडील नाहीत. संस्थानिकांच्या नातवाने नोटीस पाठवली आहे की मोटार 'सांभाळायला ठेवली होती', परत करा. मला ती विकायची आहे. काय करावे?

उत्तर : आधी एक विनंती. त्या नातवाला व्हॉट्सॲपवर काही लिहू नका. 'तुमच्या आजोबांची गाडी आम्ही जिवापाड जपली आहे' असं आपण त्याला कळवल्याचं पत्रात लिहिलंय. भावना चांगली आहे, पण समोरचा वकील कोर्टात हेच वाक्य वाचून दाखवील.

नोटिशीत 'सांभाळायला ठेवली' हे शब्द सहज आलेले नाहीत. 1963 च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद 70 प्रमाणे ठेव म्हणून दिलेली वस्तू परत मागायला तीन वर्षं मिळतात, आणि ती मोजायची मागणीला नकार मिळाल्या दिवसापासून. म्हणजे अर्धशतक उलटलं तरी दावा ताजाच! म्हणून उत्तरात नुसतं 'देत नाही' लिहून भागणार नाही. ठेव कधी नव्हतीच, मोटार किंमत मोजून घेतली, हे स्वच्छ लिहायला हवं.

पुढे ते म्हणतील की कारभाऱ्यांना विकायचा अधिकारच नव्हता. तसं धरलं तरी, मोटार कोणाकडे आहे हे त्या घराण्याला कळल्यापासून तीन वर्षांत दावा करायला हवा होता. मुदत संपली की त्याच मुदत कायद्याच्या कलम 27 प्रमाणे मालकीचा हक्कच संपतो. 1974 मध्ये त्यांच्या घरच्या लग्नात वडिलांनी हीच मोटार वरातीला पाठवली होती, असं आपण ओझरतं लिहिलंय. माझ्या मते अख्ख्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ तीच, कारण मोटार कोणाकडे आहे हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं असं त्यावरून म्हणता येतं. वरातीचा फोटो असला तरी तो दुधारी आहे, कारण 'आमचीच होती म्हणून आमच्या वरातीत' असंही ते म्हणू शकतात. पण त्या वेळी आभाराची चार ओळींची चिठ्ठी आली असेल तर घर पालथं घालून ती शोधा. स्वतःच्या मोटारीबद्दल कोणी दुसऱ्याचे आभार मानत नाही.

बुकावरच्या नावाने फार घाबरू नका. विक्री 1930 च्या माल विक्री कायद्याने होते. किंमत, ताबा आणि दोघांचा इरादा असला की मालकी बदलते. आर.सी. हा मालकीचा एक पुरावा, पण एकमेव नाही. अपघात झाला तर मात्र भरपाईसाठी कायदा नोंदणीकृत मालकालाच धरतो, तेव्हा हा प्रश्न आणखी पन्नास वर्षं लोंबकळत ठेवू नका. पावती तीस वर्षांहून जुनी आहे. ती योग्य ठिकाणाहून आली असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 92 प्रमाणे सही खरी असल्याचं कोर्ट गृहीत धरू शकतं. म्हणून वडिलांच्या ज्या फायलीत सापडली तिथेच ती असू द्या. लॅमिनेशन तर मुळीच नको.

आपण पाठवलेल्या बुकाच्या प्रतीत चासी (मोटारीचा सांगाडा) नंबर '6' ने सुरू होतो. 20/25 चे नंबर 'जी' (G) या इंग्रजी अक्षराने सुरू होतात, तेव्हा कारकुनाने वळणदार 'जी'चा सहा वाचला असावा. चासीवर ठोकलेला नंबर फोटोत स्पष्ट येऊ द्या. कंपनी त्या काळी फक्त चासी आणि इंजिन विकायची, बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायचा. प्रत्येक चासीची माहिती लिहिलेलं कार्ड असे. इंग्लंडमधल्या रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबकडे ही जुनी कार्डं आहेत, प्रत मागवा.

आता बॉडी. जुन्या मोटारींच्या नोंदणीसाठीच्या 2021 च्या व्हिंटेज नियमांत 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडीच बसते. कंपनीने बॉडी दिलीच नव्हती, मग मूळ कोणती, असा युक्तिवाद करता येईल. मला तो गमतीचा वाटतो, भरवशाचा नाही. विकताना 'मूळ बॉडी' असा शब्द चुकूनही लिहू नका. वर्णनाशी जुळत नाही म्हणून गिऱ्हाईक गाडी परत करील.

आणि हो, मोटार आपल्या एकट्याची नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आई आणि बहीण समान हिश्शाच्या वारस आहेत. दोघींची लेखी संमती किंवा हक्कसोडपत्र घ्या.

या आठवड्यात दिवाणी कोर्टात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे आपलं ऐकून न घेता मनाई हुकूम निघणार नाही. कॅव्हेट 90 दिवस चालतं. तेवढ्यात मालकी जाहीर करून मागणारा दावा आपणच लावा. हुकूमनामा हाती आला की आरटीओकडे नाव बदलून मागता येईल. तोपर्यंत कोणाकडूनही बयाणा घेऊ नका.